निर्जळी आणि शुगरची गोळी

हरतालिकेची दुपार होती. मी पूजेची पत्री निवडत होते. शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत आल्या आणि न विचारता माझी पत्री निवडायला बसल्या. त्यांचा निर्जळी उपवास, तरी सकाळी शुगरची गोळी घेतलेली. ते ऐकून मी रागावले.

“लिव्हर धान्याच्या कणगीवानी साखर साठवतंय, उपाशी राहिलं की काढून देतंय. तुम्हीच सांगितलं की!”

“गोळी त्या कणगीचं दार दाबून धरते, हेही सांगितलं होतं.”

तेवढ्यात त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली हे ओळखून मी गुळाच्या पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला.

“महादेवा, ही पाजतीया. मी पीत न्हाई,” म्हणत त्यांनी पेला संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेले आणि त्यांचं खाणं होईपर्यंत गोळ्यांचं पाकीट माझ्या मुठीत ठेवलं.