रोवणीच्या दिवसांतला बाल्या

आमच्या घरात दृष्ट, अंगारे-धुपारे असलं काही चालत नाही. सासूबाईंनी दारावर हौसेनं बांधलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू मी दुसऱ्याच दिवशी सरबतात पिळलं होतं… त्यावरून मी कोणत्या जातकुळीची आहे ते कळेल. मी गणित शिकवते. इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नेमानं वाचते आणि निम्म्या वेळा हसते. आता स्वतःच लिहायला बसले आहे तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त मध्येच सोडू नका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या नवऱ्याची – सुधीरची – बदली अड्याळच्या एका शाळेत झाली. पवनी तालुक्यातलं मोठं गाव. जून संपता संपता आम्ही नागपूरचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून तिथे राहायला गेलो. ईरा तेव्हा पाच वर्षांची होती, पार्थ तीनचा. घर मिळालं ते डोमाजी काकाजींचं. त्यांनी बाजूला नवीन स्लॅबचं घर बांधलं होतं, म्हणून कवेलूंचं, म्हणजे कौलारू, जुनं घर आम्हाला दिलं. पुढे ओटा, दोन खोल्या, मागची काळोखी खोली, आणि तिच्याही मागे परसाचं अंगण. अंगणात सीताफळाची झाडं, कारल्याचा मांडव आणि एक म्हातारी चिंच. मागच्या खोलीत बांबूची, शेणामातीनं सारवलेली माणसाच्या उंचीची कणगी होती. तिकडे तिला ढोली म्हणतात. धान आता नव्या घरात ठेवत असल्यामुळे ती रिकामीच होती. तोंडावर फळी होती, आणि त्या फळीवर मी आल्या दिवशीच आमच्या सुटकेस रचून ठेवल्या.

"आम्हाले एकच पोरगी, सिहोऱ्याले देल्ली," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मीही पुढे काही विचारलं नाही.

पहिले पंधरा दिवस ईरानं जीव नकोसा केला. तिला लिफ्ट हवी होती, समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण हवी होती, झुरळं नको होती. ती जेवायची नाही, पार्थशी खेळायची नाही, ओट्याच्या खांबाला धरून नुसती उभी राहायची. काकू जाता-येता विचारायच्या, "काहून रडून राहिली व ही पोरगी? भूक लागली का तुले?" आणि तिच्या हातावर काहीतरी खाऊ ठेवायच्या. ईरा तो पार्थला देऊन टाकायची. मी सुधीरला म्हटलंही, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर मी पोरांना घेऊन परत जाते.

मग रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते – रोवणीच्या दिवसांत अख्खी गल्ली बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, असते. सकाळी बाया पदर खोचून, डोक्यावर प्लास्टिकची घोंगडी घेऊन हसत-खिदळत निघतात आणि दिवस मावळताना चिखलानं माखून परततात. दुपारी गावात इतकी शांतता की कवेलूंवरून खार पळाली तरी ऐकू यायची. काकाजी-काकूही शेतावर. सुधीर शाळेत. माझे ऑनलाइन क्लास संध्याकाळी, म्हणजे दुपारभर गल्लीत मोठं माणूस मी एकटी. त्या दुपारींची मला आजही ओढ लागते, काय सांगू… ओल्या मातीचा वास, चुलीवरचा भात, आणि मागच्या अंगणात पोरं.

कारण ईरा एकदम खेळायला लागली होती. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आई, बाल्याला चिंचोके फोडून दे ना. त्याला सात लागतात."

"कोण बाल्या?"

"आपल्याकडे येतो तो. दुपारी."

आता बाल्या नावाचा मुलगा विदर्भात कोणत्या गल्लीत नसतो? मी म्हटलं असेल कुणाचा तरी. खाकी हाफपँट घालतो, सीताफळाच्या पानाची पिपाणी करून वाजवतो, चिंचोक्यांचा कसलासा खेळ शिकवतो… मला बरंच वाटलं. पोरगी दोन पोळ्या खायला लागली होती, मला दुसरं काय हवं होतं?

पण बाल्या मला कधी दिसला नाही. मी मागच्या दारात गेले की अंगणात दोघंच. चिंचोक्यांचे ढीग मात्र तीन. मी मोबाइलवर वाचून काढलं – घर बदललं की मुलं काल्पनिक मित्र तयार करतात, काळजीचं कारण नाही, वगैरे. सुधीरला लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "चला, भाड्यात एक पोरगा फुकट." विषय संपला.

माझ्यापुरता तो पूर्ण संपला नव्हता, हे कबूल करते. एका दुपारी मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते आणि मागे पोरं हसत होती. ईराचं हसणं किंचाळल्यासारखं, पार्थचं गुदगुल्या केल्यासारखं. स्वतःच्या पोरांचं हसणं आईला कळतं. तिसरं होतं. थोडं घोगरं, सर्दी झालेल्या मुलाचं असतं तसं. मी विळी तशीच सोडून उठले. अंगणात दोघं. मी पुन्हा येऊन वांगी चिरली आणि सुधीरला यातलं अक्षरही सांगितलं नाही. गणिताच्या बाईनं काय सांगायचं?

रोवणी संपली, श्रावण सरत आला, पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मान लहान पोरांचा. लाकडी बैल सजवून, दोरी धरून ती घरोघरी नेतात आणि लोक बैलाची पूजा करून पोरांच्या हातावर खाऊ आणि बोजारा म्हणून चार पैसे ठेवतात. ईराला बैल हवाच होता. सुधीर म्हणाला, बाजारातून आणू. तर ही म्हणते, "नको. बाल्या त्याचा देणार आहे. ढोलीत आहे. त्यानंच लपवलाय. कुणाला सांगू नको म्हणाला."

मी म्हटलं, बरं.

त्याच आठवड्यात तिचं बोलणं बदललं. बाल्या आज खेळला नाही, नुसता झोपून होता. बाल्याचा पाय दुखतो. बाल्याला थंडी वाजते – भर उकाड्यात! आणि मग एक दिवस ती माझ्या कुशीत येऊन म्हणाली, "आई, तो रडतोय. त्याला त्याची आई पाहिजे. तू बोलाव ना."

मी रागावले. खरंच रागावले. "पुरे झालं हे बाल्या-बाल्या. असं कुणी नाहीये," असं म्हटलं. ती गप्प झाली, आणि त्यानंतर तीन दिवस तिनं बाल्याचं नावही घेतलं नाही आणि धड जेवलीही नाही. ते तीन दिवस मी विसरू शकत नाही. का, ते पुढे येईलच.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिनं बाजारातून आणलेला रंगीत बैल हातात घ्यायला साफ नकार दिला. भोकाड पसरलं. शेवटी तिचं तोंड बंद करायचं म्हणून – शब्दशः एवढ्याचसाठी – मी सुटकेस खाली उतरवल्या, फळी सरकवली आणि सुधीरला म्हटलं, उतर रे बाबा आत, दाखव तिला रिकामं आहे म्हणून. तो स्टुलावर चढून आत उतरला. खाली वीतभर जुना कोंडा होता. त्यानं पायानं चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला. कोंड्यातून त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी वर दिलं. आत लाकडी बैल होता. हाताएवढा, काळा पडलेला, एक कान तुटलेला, गळ्यात सुतळी.

ईरा म्हणाली, "बघ."

मी तो बैल तसाच घेऊन बाजूच्या घरी गेले. काकाजी ओट्यावर आंब्याच्या पानांचं तोरण ओवत बसले होते. त्यांनी आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बैलाकडे.

"हा कुठी भेटला तुले, बाई?"

"ढोलीत. तळाला."

"म्या कोरला हा. सागाचा हाये." त्यांनी तुटक्या कानावरून अंगठा फिरवला. "आत्याच्या पोट्ट्याले देऊन टाक म्हणलं होतं, तं दुसऱ्या दिवशी म्हणे हरवला. कानाखाली देल्ली होती म्या त्याले. खूप मारलं. तरी बोलला नाई…"

"कुणाला, काकाजी?"

दारात काकू उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "बाल्याले."

तेव्हा मला कळलं. पोरगी एकच नव्हती. एक मुलगाही होता. बारा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं आणि काकाजींनी त्याला सांगितलं, या दारात पुन्हा पाऊल टाकू नको. तो छत्तीसगडात निघून गेला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. चाळिशीला आला असेल तो आता.

मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. चिंचोके, पिपाणी, थंडी, पाय, सगळं. सांगताना मला माझीच लाज वाटत होती. आपण काय बोलतोय! पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आई पायजे म्हणे? कधी म्हणला?"

"तीन दिवस झाले."

काकू आत गेल्या. तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला एक कागद त्यांनी सोडवून आणला. त्यावर नंबर होता. सिहोऱ्याच्या मुलीनं कधीतरी चोरून दिलेला. इतकी वर्षं रोज भात शिजवताना त्या तो बघत असणार. त्यांनी कागद काकाजींसमोर धरला. "आता तुमी हो म्हणा का नाई म्हणा, म्या लावून राहिली फोन."

काकाजी म्हणाले, "लाव."

नंबर मी फिरवला. एका बाईनं उचलला – त्याची बायको. आधी तिला विश्वासच बसेना. मग रडतच सांगायला लागली. आठवड्यापूर्वी मोटारसायकल घसरून पाय मोडला होता. जखम चिघळली, ताप उतरत नव्हता, तो बेशुद्धीत आईला हाका मारत होता. शुद्धीवर असताना मात्र तिला बजावलं होतं, घरी कळवू नको म्हणून. बाप तसा लेक.

अर्ध्या तासात जीप आली. अख्ख्या गावात पोरं बैल घेऊन फिरत होती आणि काकू मागच्या, काकाजी धोतर सावरत पुढच्या सीटवर बसले. मांडीवर तो बैल. पोरं वाटेत जीपला आडवी यायची, खाऊ मागायची, आणि गाडी थांबायची.

बाल्या वाचला. पायही राहिला, फक्त दोन बोटं काढावी लागली. आणखी दोन-तीन दिवस आधी चांगल्या ठिकाणी हलवलं असतं तर तीही राहिली असती, असं काकाजींनी त्याला हलवलं त्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितल्याचं काकू मला सहज बोलून गेल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते आजही आहे. माझी पोरगी मला सांगत होती आणि मी तिला गप्प केलं होतं.

दिवाळीत तो बायको-मुलीसह घरी आला. किंचित लंगडत, जाड मिशी, केस पांढरे व्हायला लागलेले. ईरानं त्याच्याकडे कुठल्याही पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं आणि पार्थबरोबर फटाके वाळत घालायला निघून गेली. मी धीर करून त्याला विचारलंच.

त्यानं अंगणाकडे पाहिलं. "मले काही आठवत नाई, बाई. खोटं कायले सांगू? अपघातानंतरचं तं काहीच नाई. पण त्याच्या आधी… जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली डोळे लावून पडत होतो. पाणी पडून राहिलं तं वाटे, घरी रोवणी लागली असंल. मंग रोज हेच अंगण आठवत होतो. तेवढंच केलं म्या."

तेवढंच! माणूस जिवंत, दोनशे-तीनशे किलोमीटरवर झाडाखाली पडलेला… आणि त्याचं बालपण माझ्या पोरांबरोबर चिंचोके खेळतं? योगायोग म्हणावं तर तो बैल आडवा येतो. त्या कोंड्यात काय आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी खूप डोकं चालवलं. कुठेच हिशेब जुळत नाही, आणि आता मी जुळवायचा सोडला आहे.

आम्ही आता भंडाऱ्याला राहतो. ईरा मोठी झाली, तिला यातलं फारसं आठवत नाही. मला मात्र त्या दिवाळीतली एक दुपार लख्ख आठवते. बाल्या आमच्या मागच्या खोलीत, ढोलीशेजारी, झोपला होता. ईरा मागच्या अंगणात चिंचोके घेऊन एकटीच बसली होती, दोन ढीग करून. काकाजी तिथेच खाटेवर होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि रडवेली होऊन विचारू लागली, "आजोबा, आपला बाल्या आता का येत नाही? कुठे गेला?"

मी दारातच थांबले.

काकाजींनी तिला खाटेवर ओढून घेतलं. आत झोपलेल्या लेकाच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "थो मोठा झाला व, माय. म्या पायलंच नाई."