हळद पुसणाऱ्या आजी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. मांजर आडवं गेलं म्हणून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी थांबलं, तर ‘त्याला कामं आहेत, तुम्हाला नाहीत का?’ असं विचारणारी मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण पुढे येईल.

माझी मुलगी मेघना तेव्हा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. लग्न ठरलं ते टीममधल्याच, वाघोलीच्या मुलाशी. लग्नाआधी ती जिना चढताना धापा टाकायची. लघवी गडद होतेय, असंही म्हणाली. मी म्हटलं, “ऊन बाधलंय. पाणी पी, आणि ते डाएट बंद कर.”

हळद कोथरूडच्याच एका कार्यालयात, भरदुपारी. वाघोलीहून बायका नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांच्यात हिरव्या नऊवारीतल्या एक आजी होत्या. सगळ्या जणी “काय हळद चढलीय हो!” म्हणत होत्या. आजींनी मात्र हळद लावलीच नाही. ओल्या पदराने मेघनाचा हात कोपरापर्यंत पुसला, तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “ही हळद न्हाय, पोरी. तुजं रगात तुज्यावरच उलटलंय.”

पुसलेला हात पिवळाच होता. मी पाहिलं ते... खोटं कशाला बोलू? पण ‘आजारी मुलगी गळ्यात मारली’ असं सासरचे म्हणतील, ही धास्ती मोठी होती.

“आजी, शुभकार्यात असलं बोलू नये. जेवून घ्या,” असं म्हणून मी त्या हातावर पुन्हा हळद फासली. वळून पाहते तर आजी नव्हत्या. पंगतीला बसल्या असतील म्हटलं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलमधून विहीणबाईंचा फोन आला. घरची पूजा बाजूला ठेवून त्यांनी मेघनाला ॲडमिट केलं होतं. हिमोग्लोबिन चार! आधी कावीळ वाटली, पण लिव्हर ठणठणीत. रक्त द्यायचं तर एकही बॅग जुळेना. शेवटी कूम्ब्स टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली.

डॉक्टरांनी समजावलं, “हिच्या शरीरातली प्रतिद्रव्यं हिच्याच तांबड्या पेशींना चिकटतायत, म्हणून त्या फुटतायत. थोडक्यात, शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटलंय.”



स्टिरॉइड्स लागू पडली आणि मेघना वाचली. मी विहीणबाईंपुढे हात जोडले. “तुम्हाला कसं हो कळलं?”

“मला कुठलं कळतंय, ताई? सकाळी तुमच्या त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी आल्या होत्या की दारात. म्हणाल्या, ‘आईनं झाकलंय, तू तरी बघ.’”

“आमच्या? अहो, त्या तर तुमच्याकडच्या ना?”

दोन्हीकडे विचारून झालं. अशा आजी कुणाच्याच नात्यात नाहीत. त्या कोण, त्यांना कसं कळलं... मला आजही सांगता येत नाही.

लग्नाची सीडी मी एकदाच पाहिली. आजी त्यात कुठेच नाहीत. मेघनाचा पुसलेला पिवळा हात आहे, आणि त्यावर घाईघाईने हळद फासणारा माझा, हिरव्या बांगड्यांचा हात आहे.

मेघना अधूनमधून सीडी मागते. मी सांगते, खराब झाली.