विहीणबाईंचं डावं, आईचं उजवं

आई आणि सासूबाई उलव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकाच खोलीत राहायला आल्या, तेव्हा मला टेन्शन होतं ते टीव्हीच्या रिमोटचं. आजाराचं नव्हतं. दोघींनाही हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदय थकलेलं. मला वाटलं, बरंच झालं, पथ्य एक, डॉक्टर एक.

पण दोघींच्या तक्रारी काही जुळेनात. सासूबाई चिपळूणकडच्या. आडवं झालं की त्यांना श्वास पुरायचा नाही. दुपारी उशांच्या ढिगाला टेकून, बसल्या बसल्याच डोळे मिटायच्या आणि मध्येच खोकायच्या. आई साताऱ्याकडची. तिला जिना चढताना धाप लागायची, पण पाठ टेकली की ती घोरायला लागे. पाय मात्र संध्याकाळपर्यंत इतके सुजायचे की चपलेत शिरत नसत. पोट गच्च वाटायचं, चार घासांत जेवण संपायचं.

"विहीणबाई, हृदयाचं दुखणं छातीत असतं," सासूबाई म्हणायच्या. "तुमचं पायांत कसं उतरलं?"

"मला काय ठावं? पर तुमी बसून झोपताय, त्ये तरी कुठं रीतीचं दिसतंय?"

त्यांचं ऐकून मलाही चैन पडेना. पुढच्या तपासणीला मी दोघींना एकदमच बेलापूरला नेलं आणि डॉक्टरांना विचारलं, एकच आजार, मग दोन तऱ्हा कशा?

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आईच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. मग सासूबाईंच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"हृदय एक, पण पंप दोन," त्या म्हणाल्या. "अंगभर फिरून आलेलं रक्त उजवा पंप फुप्फुसांत पाठवतो. तिथून आलेलं रक्त डावा पंप अंगभर पाठवतो. जो थकतो त्याच्या मागे रक्त तुंबतं. यांचा डावा थकलाय, म्हणून फुप्फुसांत पाणी साचतं आणि आडवं होता येत नाही. तुमच्या आईंचा उजवा थकलाय, म्हणून पाय सुजतात, पोट फुगतं."

"माझाच उजवा का वो?" आईने विचारलं.

"चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केलात?"

"लगीन झाल्यापासनं. ग्यास आला तवा ही कालिजात होती."

धुराने फुप्फुसं खराब झाली होती आणि त्यांच्यात रक्त ढकलून ढकलून उजवी बाजू दमली होती. सासूबाईंचं बीपी कित्येक वर्षं चढलेलं, त्या जोराशी झगडून डावी दमली. परतताना रिक्षात आई म्हणाली, "धूर डोळ्यांत जातोय एवढंच कळायचं बग."

त्या दिवसापासून आईला पाय दाबून बघायचा नादच लागला. आधी माझे पाहिले, मग जावयाचे. तो लाजून पाय ओढून घ्यायचा. काही महिन्यांनी एका सकाळी तिने सासूबाईंच्या घोट्यावर बोट ठेवलं आणि मला हाक मारली. तिथे खळगा पडला होता.

"पाय लोंबते ठेवून बसले होते, म्हणून असेल," सासूबाईंनी झटकून टाकलं.

"न्हाय विहीणबाई. ही सूज मला वळखू येती. चला, उठा."

आई हट्टाला पेटली म्हणूनच आम्ही त्याच दिवशी गेलो. सासूबाईंना दाखल करून घेतलं, पाणी उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली. दोन-तीन दिवसांत त्यांचा चेहरा थकलेला, पण मोकळा दिसू लागला. डॉक्टर म्हणाल्या, "डावी बाजू फार दिवस थकलेली राहिली की फुप्फुसांतला दाब वाढतो आणि तो उजवीवर येतो. उजवी थकायचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे. तुम्ही वेळेत आणलंत."

आई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिने पदर सारखा केला.

"मंग माझं उजव्याचं डावीकडं जाणार का?"

"तसं सहसा होत नाही."

"का न्हाय होत?"

डॉक्टर दाराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मी आईला गप्प करणार होते. पण कॉटवरून सासूबाईच म्हणाल्या, "विचारू दे गं त्यांना. मलाही कळू दे."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, त्या बसल्या आणि म्हणाल्या, "डाव्याच्या मागे फुप्फुसं आणि त्यांच्यामागे उजवा, पण उजव्याच्या मागे सगळं अंग; म्हणून तुमचं तुंबलेलं पायांत-पोटात उतरतं, डाव्यावर येत नाही."