एका बाईची स्लाइड

"दुसरा डोया मिटू नको."

सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या माणसाच्या पाठीवर दोन बोटं टेकवून काकू हे सांगत. भिंगाला एक डोळा लावला की आपला दुसरा आपोआप मिटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तुमचाही मिटला असेल. काकूंना ते चालत नसे. "एक डोया मिटून पाहणारा दहा मिनिटांत थकते," त्या म्हणत. "आम्हाले दिवसभर पाहाचं राहे. एका डोयानं स्लाइड, दुसऱ्यानं टेबल. मन जिथं लावशील तेच दिसते."

काकू आमच्या समोरच्या दारात राहत. माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. नवरा लवकर गेला. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासून त्यांनी मुलाला वाढवलं. मुलगा आता बुटीबोरीच्या कारखान्यात जातो. मी ग्रंथालयात नोकरी करते, म्हणून त्यांच्या लेखी मी 'पुस्तकवाली'.

निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्या बर्डीच्या बाजारातून एक खोकं घेऊन आल्या. शाळकरी मुलांसाठी असतो तसला सूक्ष्मदर्शक: खाली आरसा, वर तीन भिंगं, अंग खेळण्यासारखं हलकं.

मुलानं कपाळाला हात लावला. "आई, आत्ता तर सुटली होतीस ना यातून?"

"तीस वर्षं लोकायचं रगतच पाहलं रे," काकू म्हणाल्या. "कांदा कुठं पाहला?"

आणि खरोखरच पहिला कांदा पाहिला. नखानं पापुद्रा सोडवला, काचेवर पसरला, आयोडिनचा थेंब टाकला. आधी लहान भिंग, मग मोठं. विटांसारख्या रांगा दिसल्या, प्रत्येक विटेत एक ठिपका. काकू इतका वेळ वाकून राहिल्या की मला वाटलं, पाठ धरली. मग मान वर न करताच म्हणाल्या, "काय घरं बांधली आहेत वं. एकाही घराले दार नाही."

पुढे मिठाचे खडे झाले, जास्वंदीचे पराग झाले, भाकरीवरची बुरशी झाली. त्यांचा भाऊ गावाहून कोळशी रोगानं काळी पडलेली संत्र्याची पानं घेऊन आला, तेव्हा त्याला खुर्चीत बसवून त्यांनी त्या काळ्या थरातलं जंगल दाखवलं. "जन्मभर शिव्या देऊन राहिला ना इले? घे, तोंड पाहून घे."

उन्हाळ्यात त्यांनी माझ्या कूलरमधून एक थेंब नेला. संध्याकाळी दारात उभ्या. "पुस्तकवाले, तुह्या कूलरचा रिपोर्ट आला."

"काय आहे?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगते. आम्ही सांगत नाही. चल, स्वतःच पाह्य."

मी पाहिलं. डासाची अळी वळवळत होती आणि तिच्या पारदर्शक अंगात काहीतरी सारखं धडधडत होतं. त्याच संध्याकाळी मी कूलर धुतला. काकू जिन्यात उभ्या राहून हसत होत्या.

'आम्ही सांगत नाही' ही मात्र थट्टा नव्हती. लॅबच्या बाहेर बाकावर बसलेली माणसं त्यांचा हात धरत. ताई, वाईट तर काही नाही ना? नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तरुण आईनं त्यांचा नुसता चेहरा पाहिला आणि ती तिथेच खाली बसली. तेव्हापासून वाईट स्लाइड पाहिली की काकू आधी नळावर तोंड धूत आणि मगच दार उघडत.

लॅबमधली आणखी एक पद्धत त्यांनी मला सांगितली होती. एखाद्या स्लाइडची शंका आली की ती दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. "आपण बोललो की त्यालेही तेच दिसते," त्या म्हणत. "गुपचूप ठेवाची. त्यानं स्वतः म्हटलं पाहिजे."

मी ते ऐकलं. एखादं चांगलं वाक्य लक्षात ठेवावं तसं लक्षात ठेवलं.

दिवाळीनंतर त्यांनी माझ्या बोटातून एक थेंब घेतला. काचेवर ओढला, वाळवला, जुन्या ओळखीनं लॅबमधून आणलेला रंग त्यावर घातला, घड्याळ लावून धुतला. फिकट गुलाबी चकत्यांच्या गर्दीत कुठेतरी एक जांभळा ठिपका दिसे. स्लाइड सरकवत गेलं की बऱ्याच वेळानं दुसरा. "हे पांढऱ्या पेशी. पहारेकरी. थोडेच राहते," काकू म्हणाल्या. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं 'पुस्तकवाली' असं लिहून ती त्यांनी स्लाइडवर चिकटवली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. स्लाइड आधीच लावून ठेवली होती. त्या दिवशी माझ्या पाठीवर बोटं टेकली नाहीत. त्या खिडकीशी उभ्या होत्या.

मी पाहिलं. सगळीकडे जांभळं. मोठे, गोल, एकमेकांना खेटून बसलेले ठिपके. झाडाखाली जांभळांचा सडा पडावा तसे.

"किती सुंदर!" मी म्हणाले.

"हो?"

"फारच. कोणाची आहे?"

"आहे एका बाईची."

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "आणखी काही?"

मी म्हणाले, रंग छान चढलाय. काकू "बरं" म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मोरीतला नळ सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. मी त्याचाही काही अर्थ लावला नाही.

त्यानंतरच्या महिनाभरात त्या जिन्यात दम खायला थांबू लागल्या. दंडावर निळे डाग दिसले तर म्हणाल्या, टेबल लागला. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना, तेव्हा मुलगा त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन गेला. जुन्या लॅबमध्ये जायला त्यांनी साफ नकार दिला. "तिथल्या पोरी मीच शिकवल्या. त्याहिले माही स्लाइड पाहा लागन, अन् मंग तोंड धुवा लागन."

डॉक्टर मुलाला म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे, महिनाभर आधी आला असता तर उपचारांना काही वाव मिळाला असता. मुलानं मला हे दवाखान्याच्या जिन्यावर सांगितलं. तेव्हा कुठे मला ती जांभळं आठवली.

मी आत गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या.

"ती स्लाइड तुमची होती," मी म्हणाले.

त्यांनी पायांवरची चादर सरळ केली.

"काकू, सांगितलं का नाही?"

"तुह्या टेबलावर ठेवली होती ना वं."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"खेळण्यातलं भिंग," त्या हळूहळू म्हणाल्या. "मले वाटलं, रंग जास्त चढला असन. माह्याच डोयाले भास होऊन राहिला असन. स्वतःची स्लाइड स्वतः वाचाची नसते. दुसरं कोणाले दाखवू? तू आपली पाहली होती. म्हटलं, ही म्हणन, काकू, हे माह्यासारखं नाही."

"मी सुंदर म्हणाले."

"हो. तू सुंदर म्हणाली, अन् मी थांबले." त्यांनी माझ्या हातावर दोन बोटं टेकवली. "रडू नको. तीस वर्षांत असल्या स्लाइडले कोणी सुंदर म्हटलं नव्हतं."

त्या अठरा दिवसांनी गेल्या.

तेराव्यानंतर मुलानं ते खोकं माझ्या दारात आणून ठेवलं. "आई म्हणत होती, पुस्तकवालीले दे." खोक्यात सूक्ष्मदर्शक होता आणि स्लाइडची लाकडी पेटी. कांदा, मीठ, जास्वंद, कोळशी, पुस्तकवाली. त्यानंतरच्या शेवटच्या स्लाइडवर चिठ्ठी चिकटवलेली होती, पण तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

ती पेटी मी अंधारात ठेवते, कारण उजेडात रंग उडतो असं काकू सांगत. तरी तो उडतोच आहे. परवा पाहिलं तेव्हा जांभळं फिकी झाली होती, कडेची तर राखाडी. मी आधी माझी स्लाइड लावली आणि ठिपके मोजले. मग त्यांची लावली. तीही मोजू लागले आणि मध्येच चुकले.

दुसरा डोळा मी मिटला नव्हता. त्याला समोरचं दार दिसत होतं, बाहेरून कुलूप लावलेलं. मुलगा बुटीबोरीला गेला होता.