तिगावला न थांबणारी गाडी

एक अट आहे. किस्सा पूर्ण ऐकायचा, आणि मधेच 'अगं, पण तूच तर...' असं म्हणायचं नाही. गाढवपणा कोणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. फक्त अर्ध्यापर्यंत तरी माझी बाजू घ्या!

तुम्ही 'टिनशेड' ऐकलाय? नाही ना! तेच तर माझं दुखणं आहे.

पांढुर्ण्यात संत्र्याच्या पेट्या भरायचं एक शेड आहे. हंगाम संपला की तिथे चौघांचा हा रॉक बँड वाजवतो. गिटारवर माझी कॉलेजातली मैत्रीण प्रज्ञा. तिने तार छेडली की वरचे पत्रे थरथरतात, आणि पत्र्यांच्या आधी मी. मोनू दिवसभर टेम्पोत पेट्या चढवतो आणि संध्याकाळी ड्रमवर बसला की वाटतं, याला हात चार आहेत, दोन आपल्याला दिसत नाहीत. बेसवर त्याचा भाऊ. तो जन्मात कधी बोलला नाही, त्याचा बेस बोलतो. आणि गाणारा तिगावचा नितेश. गाणी स्वतः लिहितो, आपल्या बोलीत. मोठ्या शहरात असते तर लोकांनी तिकिटासाठी एकमेकांचे शर्ट फाडले असते. इथे लोक काय विचारतात? "वरातीचे किती घेता?"

त्यांचं एक गाणं आहे, तिगाव स्टेशनाचं. मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. फलाटावर एक माणूस पिशवी घेऊन उभा. लांबून मोनूचे ड्रम येतात, रुळांतून येतात तसे, कानांआधी पायांना कळतात. मग बेस. मग प्रज्ञाची गिटार भोंगा होऊन अंगावर येते आणि आख्खी गाडी तुमच्या छातीतून आरपार निघून जाते! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखर ओढणी धरली होती, वाऱ्याने उडेल म्हणून. शप्पथ!

त्या दिवसापासून मी त्यांची मॅनेजर. पगार नाही. कोणी नेमलंही नाही.

आता ऐका. सौसरला आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. समितीचे अध्यक्ष माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पाहुणे म्हणून छिंदवाड्याचे ढोकेसाहेब यायचे होते. गावोगावचे कार्यक्रम हे साहेब ठरवतात. त्यांची मान हलली की वर्षभराचं काम. आणि प्रज्ञाने मला सांगून ठेवलं होतं, "करुणा, हे शेवटचं. जमलं नाही तर गिटार विकते आणि नागपूरला नोकरी धरते."

हो, माझं नाव करुणा. घरात हा विनोद सगळ्यांना पुरतो.

मी मोठेबाबांकडे गेले.

"मोठेबाबा, यांना अर्धा तास द्या."

"काय वाजवतात हे?"

"रॉक."

"गाणं म्हणतात का भांडण करतात?"

"न ऐकताच नाही म्हणून राहिले तुम्ही! तुमच्या पिढीचं हेच!"

"ऐकलं ना वो बाई, तुझ्या मोबाइलवर. अर्ध्याच्या वर तर तूच ओरडून राहिली त्याच्यात."

बघा! मूळ मुद्दा सोडून भलतंच. मी तिथेच उपोषणाला बसायची भाषा केली तेव्हा कुठे म्हणाले, "बरं, एक गाणं. पण आवाज लई झाला तर बटन माझ्या हातात आहे, सांगून ठेवतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते डोक्यात कोरूनच ठेवलं होतं.

कार्यक्रमाचा दिवस. ऊन उतरलेलं, मंडप भरलेला. पुढच्या रांगेत ढोकेसाहेब, चेहरा असा, जणू दाढ दुखतेय. स्टेजच्या कडेला, विजेच्या बोर्डाजवळ खुर्ची टाकून कोण बसलेलं? मोठेबाबा!

गाणं सुरू झालं. मी तोंड मिटून, एक डोळा बोर्डावर. आणि काय वाजवलं हो त्या पोरांनी! पेंडॉलचे बांबू हलले. रडणारी लेकरं गप्प झाली. मागच्या बाजूला चहा गाळणारी बाई गाळणी हातात धरून तशीच उभी. गाडी आली, आली, अंगावर आली, आणि...

बंद!

एकदम चूप. नितेशचं तोंड उघडंच, प्रज्ञाचा हात हवेत, मोनूच्या काठ्या वर. मी बोर्डाकडे बघितलं. मोठेबाबांचा हात बोर्डावर!

तुम्ही काय केलं असतं? मी रांगा तुडवत धावले.

"लाज नाही वाटत? पोरांच्या जिवावर उठले तुम्ही! तुम्हाला स्वतःला काही जमत नाही आणि दुसऱ्याचं बघवत नाही!"

मोठेबाबा डोळे मोठे करून नुसते मान हलवत होते. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

"मला गप्प करता? काढा हात!"

"अगं, नको..."

मी त्यांचा हात धरला आणि सगळा जोर लावून ओढला. हात आला. हाताबरोबर प्लगही आला. स्पीकरमधून 'फट्' झालं.

त्याच क्षणी स्टेजवर प्रज्ञाने जीव ओतून तार छेडली. डास गुणगुणावा एवढा आवाज आला.

"पोट्टे, प्लग ढिला आहे!" मोठेबाबा कळवळून म्हणाले. "गाणं सुरू झाल्यापासून मी दाबून धरून बसलो होतो!"

"मग गाणं काऊन थांबलं?"

"थांबलं कुठं? गाडी निघून गेल्यावर फलाट चूप होते का नाही? ते चूप होतं ते! आम्ही ऐकून राहिलो होतो ना वो माय!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ढोकेसाहेब उठून उभे राहिले. संपलं सगळं! विकली गिटार!

आणि मग नितेशने माईक बाजूला ठेवला. वीज नाही, काही नाही, नुसत्या गळ्याने शेवटची ओळ म्हटली: "गाडी गेली, धूळ बसली, मी अजून उभाच..." मोनू नुसत्या बोटांनी ड्रमवर ठेका धरत होता, लांब जाणाऱ्या गाडीसारखा. मंडपात कोणी खोकलंसुद्धा नाही. मोठेबाबांच्या हातात प्लग तसाच लोंबत होता आणि म्हातारा टिपं गाळत होता. ढोकेसाहेब उभे होते ते उभेच राहिले.

नंतर मी प्रज्ञावरच उखडले. "ती शांतता नवीन टाकली तर मला सांगायचं नाही?"

"नवीन?" ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आहे. त्याच जागी दरवेळी तू 'वाऽऽ' करून बोंबलतेस. तुला कशी ऐकू येणार?"

ढोकेसाहेबांनी लोधीखेड्याचा एक कार्यक्रम दिला. "पोट्टे दमदार आहेत," म्हणाले. मग माझ्याकडे बोट. "हिला मात्र मागे बसवा."

बसले. लोधीखेड्याला अगदी शेवटच्या रांगेत, तोंडावर ओढणी दाबून. बोर्डापाशी मोठेबाबा, आता टिनशेडचे हक्काचे प्लगवाले. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. गाडी आली, छातीतून गेली, आणि सगळं थांबलं. मी ती शांतता जन्मात पहिल्यांदा ऐकली. काय सांगू! ओसाड फलाट, तापलेले रूळ, पिशवी घेतलेला तो माणूस, सगळं त्या न वाजलेल्या जागेत दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि...

"वाऽऽऽ!"

हजारभर माना मागे वळल्या. आणि स्टेजच्या कडेवरून मोठेबाबा ओरडले, "प्लग मी धरला आहे रे, हिला कोणी तरी धरा!"