सराव पाठांचे मास्तर

आमच्या सराव पाठांच्या मास्तरांइतका वाह्यात विद्यार्थी उभ्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. अडचण एवढीच की ते विद्यार्थी नव्हते. होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवायचं कसं, हे शिकवणारे होते. विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर पांढरकवड्याला वर्षभराचा प्रशिक्षण वर्ग निघाला, त्यात मी एकविसाव्या वर्षी दाखल झालो. आमच्यापैकी एकाने पहिलीच्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि मास्तरांनी तो तपासायचा, हा तिथला रोजचा छळ. दुसरे तपासनीस खुर्चीवर बसत. हे पोरांच्या रांगेत मांडी घालून बसत, पेन्सिल चावत, शेजारच्याला कोपर मारत आणि पाठ ऐन रंगात आला की करंगळी वर करत. "गुरुजी, एकी!" पन्नाशीच्या धोतरवाल्या माणसाला जाऊ द्यावं की नाही, हे आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी एकदा ‘नाही’ म्हणालो, तर त्यांनी खरोखर भोकाड पसरलं आणि त्यांचं पाहून अख्खी पहिली रडली. शेऱ्यात लिहिलं, ‘वर्गावर पकड चांगली.’

पाठाची टाचणवही सुंदर अक्षरात असली की ते गुण कापत. "एवढा वेळ वहीले देल्ला, मंग पोरायले काय देशीन बे?" खडूचे तुकडे ते टोपीत ठेवत आणि कुणा मोठ्या माणसाला पाहून अदबीने टोपी काढत, मग त्या मोठ्या माणसाच्या पायांवर खडूंचा सडा पडे. रंगात आले की उठून फळ्याजवळ जात आणि शिकवणाऱ्याकडे चक्क पाठ करून, पोरांची तोंडं बघत उभे राहत. "तुह्या तोंडाकडे काय पाह्यचं? समजलं का नाही, ते पोरायच्या तोंडावर दिसते."

त्या पोरांपैकी निम्मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. घरी गोरबोली बोलायची, आणि मराठी पुस्तकासमोर खांबासारखी बसायची. आम्ही त्यांना मठ्ठ ठरवून मोकळे झालो होतो. मास्तरांनी एका सकाळी आम्हा चाळीस जणांना तांड्यावर नेलं, निंबाखाली रांगेत बसवलं आणि एका म्हाताऱ्या याडीला, म्हणजे तिथल्या आईला, आमच्यावर गुरुजी नेमलं. तिने तिच्या बोलीत भराभर हुकूम सोडले. चुकला की कान पिळायचा, ही परवानगी तिला होती आणि तिने ती सढळ हाताने वापरली. माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, "येन अक्कल छेनी." मास्तरांनी आनंदाने अर्थ सांगितला, "तुले अक्कल नाही म्हणून राह्यली." मग एकदम गंभीर झाले. "एका घंट्यात कावला ना? ते पोर रोज अकरा ते पाच असंच बसते."

त्यानंतर मास्तरांच्या सांगण्यावरून पंधरा दिवस मी त्या याडीकडे जाऊन तिची बोली शिकलो. आधी पोराच्या भाषेत, मग हळूच मराठीत, हा पाठ मास्तरांनी माझ्याकडून सहा वेळा घोटून घेतला. मास्तर प्राथमिक शाळेतून उसने आणलेले होते. त्यांना प्रशिक्षण वर्गावर कायम करायचं की परत पाठवायचं, हे वार्षिक तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

साहेब आले, त्यांच्या बुटांवर रीतसर खडू सांडले, आणि माझा पाठ सुरू झाला. तांड्यावरची पोरं अशी बोलायला लागली की थांबवणं मुश्कील. पाठ संपताच फळ्याशेजारच्या खुर्चीवरून साहेबांचा जात्याच दरडावणारा आवाज आला, "ही कल्पना कोणाची?" मास्तर नेहमीसारखे पोरांकडे तोंड आणि साहेबांकडे पाठ करून उभे होते. साहेब हसत होते, ते मला दिसलं, मास्तरांना नाही. मास्तर वळून काही बोलणार, तोच मी म्हणालो, "माझी, साहेब." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले.

बाहेर मास्तरांनी माझे दोन्ही खांदे धरले. त्यांचे डोळे भरले होते. "साहेब भडकला न् माह्यावरचा मार तू आंगावर घेतला, लेका. कायले?" मला तेव्हा तोंड नव्हतं का? होतं. मी ते उघडलं नाही. महिन्याभरात हुकूम आले. मला सहायक म्हणून वर्गावर ठेवलं, मास्तर मारेगावकडच्या आपल्या शाळेत परत. त्यांनी ती बदली आपल्या पद्धतीची शिक्षा समजली आणि मी वाचलो म्हणून पेढे वाटले. पुढे मी सत्तावीस वर्षं शिक्षक घडवले. तो पाठ माझ्या नावाने छापला गेला, माझ्या नावाने शिकवला गेला.

मास्तर निवृत्त होऊन नेरला मुलाकडे राहत होते, तेव्हा एकदा निश्चय करून गेलो. वाटेत एसटीत वाक्यं पाठ केली. "मास्तर, त्या दिवशी साहेब..." एवढं म्हणालो, तोच त्यांनी हात वर केला.

"सोड बे त्या साहेबाले! पोरं बोलतात का आता?"

"बोलतात, मास्तर."

"सारे?"

"पुष्कळ."

ते हसले आणि आतल्या सुनेला हाक मारली. "सूनबाई, माह्यासाठी साहेबाच्या तोंडी उभा राह्यला होता, तो हाच बरं! याले दुधाचा चहा कर." सून डोक्यावर पदर घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. चहा मोठ्या पितळी गिलासात होता, वेलची घातलेला. मास्तर समोर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी तो सगळा प्यालो.