वरच्या कुंडातले सात मासे

खापर गावाच्या पलीकडे, डोंगरातल्या नाल्याकाठी एका पाड्यावर वाहरू राहायचा. होळी झाली की खालच्या डोहातले सात मासे तो पाणी भरलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात घालायचा आणि कोसभर चढून झऱ्याच्या कुंडात सोडायचा. लाल शेपटीचे, बोटभर लांब. लोक हसायचे. हसोत बापडे! संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात खालचा डोह कोरडा पडला, तेव्हा त्याच्या बापाने, जामसिंगने, असेच सात वाचवले होते आणि त्या सातांवरच नाला पुन्हा भरला होता. कुंड कधी आटत नाही, पण पावसाळ्यातला लोंढा तिथले मासे खाली लोटून देतो. म्हणून दरसाल नव्याने न्यायचे.

मग चार वर्षं नुसती लाडाची आली. डोहात हात घातला तरी मासा लागे. त्यात लेकीचं लग्न निघालं. पाहुणे, ढोल, मोहाची दारू! त्याची बायको रूपलीबाई चुलीपुढून ओरडली, "अरे, होळी झाली, मासे नेलेस का?"

"डोह नुसता खदखदतोय! एक वर्ष नाही नेले तर काय बिघडतं?"

त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. दिवाळीनंतर दोघं पोटासाठी सारंगखेड्याकडे कापूस वेचायला गेली. होळीला परतली, तर डोहाला भेगा पडलेल्या. शेवटचे मासे पाड्याने खाल्ले होते. उपाशी माणसांना बोलायचं तरी काय?

वाहरू धावतच वर गेला. कुंड काठोकाठ भरलेलं, तळाचे खडे मोजावेत इतकं नितळ. त्यात एक मासा नव्हता. बाप मेला तेव्हा रडला नव्हता, इतका तो तिथे रडला.

पुढच्या साली पाऊस मुसळधार झाला. नाला दुथडी भरला, डोह भरला. मासे आले नाहीत. मेल्या पावसाला आत्ता सुचलं होतं!

तरी होळी झाली की वाहरू तुंबा घेऊन डोहाकाठी बसायचा. शेवटी अंथरुणाला खिळला, तेव्हा म्हणाला, "रूपली, त्या वर्षी तू एकदा तरी आठवण करायची होतीस गं."

चुलीपुढून ओरडलेलं रूपलीबाईला लख्ख आठवत होतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि त्याच्या पायांवर गोधडी ओढली.